देशाच्या उद्योगांचा हिशेब मांडणारे न्यायमूर्ति रानडे

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपण बहुधा त्यांच्या मोठ्या कृत्यांकडे पाहतों. त्या कृत्यांच्या मागें जो दीर्घ आणि कंटाळवाणा वाटणारा अभ्यास असतो, त्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें नांव आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें ऐकलें असेल. समाजसुधारक, न्यायाधीश आणि मराठ्यांच्या इतिहासाचे लेखक या नात्यांनीं ते सर्वांस परिचित आहेत. परंतु आपला देश दरिद्री कां, त्याच्या पोटांत लोखंड आणि शेतांत कापूस असतां त्याला सुई आणि वस्त्र परदेशांतून कां आणावें लागतें, या प्रश्नाचा आंकडे हातीं घेऊन शोध करणाऱ्या पहिल्या हिंदी अर्थशास्त्रज्ञांत त्यांची गणना होते, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नसते. टेमघर-भिवंडीच्या भागांत शिकणाऱ्या आम्हां मुलांस तर त्यांच्या चरित्राचा हाच भाग सर्वांत जवळचा वाटावा. ज्या गांवाचें पोट मागावर चालतें, त्या गांवच्या मुलांनीं उद्योगांचा एवढा खोल विचार करणाऱ्या पुरुषाची ओळख करून घेणें अगत्याचें आहे. म्हणून त्यांचें चरित्र त्याच दृष्टीनें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

महादेवरावांचा जन्म ता. १८ जानेवारी १८४२ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड या गांवीं झाला. त्यांचे वडील गोविंदराव हे कोल्हापूर संस्थानच्या नोकरींत असल्यामुळें महादेवरावांचें बालपण व आरंभींचें शिक्षण कोल्हापुरांत झालें. लहानपणीं ते अबोल आणि मंद भासत. हा मुलगा पुढें मोठा विद्वान होईल असें त्या वेळीं कोणास वाटलें नसेल. पुढील शिक्षणासाठीं ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेंत आले. मुंबईचें विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ सालीं झाली. तींत उत्तीर्ण झालेल्या एकवीस विद्यार्थ्यांत रानडे होते. १८६२ सालीं जे पहिले चौघे बी. ए. झाले, त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे यांच्याबरोबर त्यांचेंही नांव आहे. पुढें ते एम. ए. आणि १८६६ सालीं एल्‌एल्. बी. झाले. त्यांचें वाचन इतकें अफाट होतें कीं त्या श्रमानें त्यांचे डोळे अधू झाले आणि पुढें जन्मभर त्यांस पुष्कळ वेळां दुसऱ्याकडून वाचून घ्यावें लागे. विद्यार्थी असतां एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजी राज्याशीं करून त्यांनीं निर्भीडपणें मत दिलें, तेव्हां प्राचार्यांनीं रागावून त्यांची शिष्यवृत्ति कांहीं महिने बंद ठेविली, असें सांगतात. सौम्य स्वभावाच्या या मनुष्यांत सत्य वाटेल तें लिहिण्याचें धैर्य तेव्हांपासूनच होतें.

थोडीं वर्षें निरनिराळ्या नोकऱ्या आणि एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापन केल्यावर १८७१ सालीं ते न्यायखात्यांत पुण्यास आले. त्याच्या आदल्याच वर्षीं गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, यांनीं पुणें सार्वजनिक सभेची स्थापना केली होती. रानडे सरकारी नोकर. त्यांस सभेचें पुढारीपण उघडपणें करतां येत नसे. परंतु सभेच्या कामामागील बुद्धि बहुतांशीं त्यांचीच होती. पुण्यास येतांच त्यांनीं व्यापार व स्वदेशी उद्योग या विषयांवर मराठींत व्याख्यानें दिलीं. त्या विचारांचा परिणाम असा कीं सार्वजनिक काकांनीं स्वदेशी वस्त्र वापरण्याचें व्रत घेतलें आणि १८७७ सालच्या दिल्ली दरबारास सभेचे प्रतिनिधि म्हणून ते जाड्याभरड्या खादीच्या पोषाखांत गेले. गुरु आंकडे मांडी आणि शिष्य व्रत घेई, असा त्या दोघांचा संबंध होता, असें म्हटल्यास चालेल.

१८७८ सालापासून सभेचें इंग्रजी त्रैमासिक निघूं लागलें. त्यांतील पुष्कळ लेख रानडे यांचे असत, पण त्यांवर नांव नसे. या लेखांची सामग्री कोठून येई हें पाहण्यासारखें आहे. सरकार दरसाल जमीनमहसूल, व्यापार, शिरगणती, जंगलें आणि रेल्वे यांविषयीं जाडजूड अहवाल छापीत असे. ते कपाटांत धूळ खात पडत. रानडे ते ओळ न् ओळ वाचीत, एका वर्षाचा आंकडा दुसऱ्या वर्षाच्या आंकड्याशेजारीं ठेवीत आणि दोहोंच्या मधील फरकाचें कारण शोधीत. १८७६ ते १८७८ या वर्षांच्या घोर दुष्काळांत सभेनें दख्खनच्या खेड्यापाड्यांतील माहिती गोळा करून सरकारपुढें मांडिली, तींतही हीच पद्धति होती. सरकारास हा अभ्यास फारसा रुचला नाहीं. १८७८ सालीं त्यांची बदली नाशिकास आणि पुढच्याच वर्षीं, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या धामधुमींत, धुळ्यास झाली. त्यांच्यावर सरकारचा संशय होता. ज्या सरकारचें अन्न खावयाचें, त्याच्याच राज्यांत प्रजा गरीब कां, असें त्या सरकारास विचारावयाचें, हें संकट त्यांच्यापुढें जन्मभर होतें. त्यांनीं नोकरी सोडली नाहीं आणि प्रश्नही सोडला नाहीं. संशय हळूहळू निवळला; १८८५ सालीं ते मुंबईच्या कायदेमंडळांत नेमले गेले आणि पुढें शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखालीं खास न्यायाधीश म्हणून दख्खनच्या जिल्ह्यांतून हिंडले. कुणब्याचें दारिद्र्य त्यांनीं पुस्तकांत पाहिलें होतें, तसें फिर्यादींच्या कागदांतही पाहिलें.

त्यांच्या आर्थिक विचारांस पूर्ण रूप आलें तें १८९० ते १८९३ या चार वर्षांत. पश्चिम हिंदुस्थानच्या औद्योगिक संघाच्या विद्यमानें १८९० सालीं पुण्यास पहिली औद्योगिक परिषद भरली. तेथें त्यांनीं आरंभींच श्रोत्यांस एका सोप्या कारणापासून सावध केलें. इंग्लंडास दरसाल जो पैसा जातो तेंच आमच्या दारिद्र्याचें मूळ, असें दादाभाई नौरोजी मोठ्या तळमळीनें सांगत होते. रानडे यांचा दादाभाईंविषयींचा आदर मोठा. तरी त्यांनीं म्हटलें कीं त्या पैशांतील कांहीं भाग उसन्या घेतलेल्या भांडवलाच्या व्याजाचा आहे, आणि केवळ त्याविषयीं रडत बसल्यानें कारखाना उभा राहत नाहीं. खरें दुखणें निराळें आहे. देश आपला कापूस, तेलबिया, कातडीं बाहेर धाडतो आणि त्यांच्याच झालेल्या वस्तु अनेकपट किंमतीनें परत घेतो. मालांत जी किंमत कौशल्यानें आणि यंत्रानें भरली जाते, ती सर्व परक्याच्या घरीं राहते. हातचे धंदे बुडालेले लोक पुन्हां शेतीकडे वळतात. शेतीवर भार वाढतो. आणि पाऊस चुकला कीं सर्वांवर एकदम उपासमार येते. एकाच खांबावर उभारलेल्या घरासारखी ही स्थिति होय. म्हणून भांडवल एकत्र करावें, कला शिकावी, जाणत्या परकीयांकडून ती शिकण्यास लाजूं नये आणि कच्चा माल येथेंच पक्का करावा, असा त्यांचा उपदेश होता.

दोन वर्षांनीं, १८९२ सालीं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्यांनीं हिंदी अर्थशास्त्रावर जें व्याख्यान दिलें, तें या देशांतील या शास्त्राचा आरंभ मानलें जातें. त्या काळीं इंग्लंडांतील अर्थशास्त्राचे नियम गणितासारखे सर्व देशांस लागू आहेत अशी समजूत होती. व्यापार मोकळा ठेवावा, सरकारनें हात घालूं नये, म्हणजे सर्व आपोआप सुरळीत होईल, असें शाळांतून शिकविलें जाई. रानडे यांनीं विचारलें कीं हे नियम ज्या समाजाकडे पाहून केले, तो समाज आमचा आहे काय? तेथें मनुष्य धंदा बदलतो, गांव सोडतो, मजुरीचा करार करतो. आमच्या येथें जात, कुटुंब आणि रूढि त्याचा धंदा ठरवितात. तेथें भांडवल विपुल, येथें सावकाराच्या पेटींत कोंडलेलें. जर्मनींत लिस्ट आणि अमेरिकेंत हॅमिल्टन व कॅरी यांनीं आपापल्या देशाची स्थिति पाहून निराळे सिद्धांत मांडिले होते. तसेंच आम्हीं आमच्या स्थितीकडे पाहून शिकावें, एवढेंच त्यांचें मागणें होतें. आज हें साधें वाटतें. त्या काळीं सरकारी न्यायाधीशानें असें बोलणें धाडसाचें होतें.

त्यांची शोधक बुद्धि पाहावयाची असेल तर लोखंडाच्या धंद्यावरील त्यांचा निबंध पाहावा. या देशांत लोखंड गाळण्याची कला प्राचीन. दिल्लीजवळचा लोहस्तंभ त्याची साक्ष देतो, आणि येथील पोलाद एके काळीं परदेशांत नांवाजलेलें होतें. मग ही कला बुडाली कां? रानडे यांनीं मागील प्रयत्नांचा एक एक हिशेब तपासला. मद्रास इलाख्यांत पोर्टो नोव्हो येथें हीथ नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १८३० च्या सुमारास मोठी भट्टी घातली. कंपनी सरकारनें कर्जही दिलें. परंतु भट्टी लाकडी कोळशावर चालणारी. जवळचें रान संपलें तसा कोळसा दुरून आणावा लागला आणि खर्च माथ्यावर बसला. कुमाऊंकडील प्रयत्नही फसले. बंगाल्यांत बराकर येथें दगडी कोळसा जवळ होता, म्हणून तेथील कारखाना कांहीं टिकला. तो बंद पडल्यावर सरकारनें कांहीं वर्षें स्वतः चालविला आणि १८८९ सालीं खासगी कंपनीस देऊन टाकला. यावरून रानडे यांनीं निष्कर्ष काढला तो असा. भूमींत धातु आहे एवढ्यानें देश श्रीमंत होत नाहीं. जळण, वाहतूक, शिकलेला कारागीर आणि तोटा सोसून दहा वर्षें वाट पाहणारें भांडवल हीं सर्व एके ठिकाणीं यावीं लागतात. आरंभींचा हा भार एकट्या खासगी माणसास पेलवत नाहीं. सरकारनें आगगाडीच्या कंपन्यांस व्याजाची हमी दिली, चहा आणि सिंकोना यांची लागवड स्वतः करून दाखविली. मग लोखंडासच हात कां आंखडावा, असा त्यांचा प्रश्न होता.

भांडवलाच्या प्रश्नावरही त्यांनीं स्वतंत्र निबंध लिहिले. देशांत पैसा नाहीं असें नव्हे. ज्यास तो पाहिजे त्याच्यापर्यंत तो स्वस्त व्याजानें पोंचत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें आणि युरोपांतील जमिनीच्या पेढ्यांचे दाखले दिले. याच ओघांत डच लोकांनीं जावा बेटांत १८३० पासून चालविलेल्या लागवडीच्या पद्धतीचें त्यांनीं परीक्षण केलें. तेथें सरकार उद्योजकांस आगाऊ रक्कम देई आणि ऊंस, कॉफी, नीळ यांचा माल तयार करवून विकत घेई. तसें कांहीं येथें करावें, असें त्यांस वाटलें. येथें मात्र आमच्या वाचकांनीं आपली बुद्धि जागी ठेवावी. त्या पद्धतींत शेतकऱ्यावर सक्ति होती, कांहीं भागांत भाताची जमीन अडकून दुष्काळ पडले आणि पुढें हॉलंडांतच तिच्यावर कडक टीका होऊन ती मोडली गेली. सक्तीचा दोष वगळून सरकारी साहाय्याचा गुण तेवढा घेतां येईल, असा रानडे यांचा विश्वास होता. परंतु दोष आणि गुण इतके सहज निराळे होतात काय, आणि उत्पन्न वाढलें तर राबणाऱ्याच्या वांट्यास किती आलें, हा प्रश्न त्यांनीं तेथें हवा तितका विचारला नाहीं, असें आम्हांस नम्रपणें वाटतें. थोरांचा आदर करणें म्हणजे त्यांचें सर्वच बरोबर म्हणणें नव्हे. स्वतः रानडे यांनींच दादाभाईंच्या बाबतींत तो धडा घालून दिला आहे.

रानडे निराशावादी नव्हते. देशी कारखानदारीच्या तत्कालीन स्थितीवर लिहितांना त्यांनीं अनेक वर्षांचे आयात-निर्यातीचे आंकडे तपासले आणि निर्यातींत पक्क्या मालाचा भाग वाढूं लागला आहे, वारा फिरला आहे, असें आनंदानें सांगितलें. पुण्यांत कापड, रेशीम, कागद, धातूंचीं भांडीं यांचे जे नवे कारखाने त्या काळीं निघाले, त्यांच्या चालकांस त्यांचें उत्तेजन असे. १८९३ सालीं काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर ते मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १८९८ सालीं त्यांचे अर्थशास्त्रीय निबंध ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांस त्यांनीं याच अभ्यासांत तयार केलें. गोखले यांनीं लिहून आणलेला मजकूर ते पुन्हां पुन्हां दुरुस्त करवीत. एक आंकडा चुकला तरी तो लेख बाहेर जाऊं देत नसत. गोखले पुढें वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलूं लागले कीं सरकारी अधिकारी कान टवकारून ऐकत; त्या भाषणांचा पाया पुण्यांतील या शिकवणींत घातला गेला होता.

ता. १६ जानेवारी १९०१ रोजीं, एकोणसाठावें वर्ष पुरें होण्यास दोन दिवस असतां, मुंबईस त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनीं पुढें पुण्याच्या सेवासदनाच्या द्वारें स्त्रीशिक्षणाचें मोठें कार्य केलें. रानडे यांनीं लोखंडाविषयीं जें लिहिलें तें त्यांच्या पश्चात् थोड्याच वर्षांत खरें ठरलें. १९०७ सालीं टाटांची पोलादाची कंपनी स्थापन झाली आणि १९१२ सालीं साकची येथें पोलाद तयार झालें. धातु, दगडी कोळसा, पाणी आणि आगगाडी हीं एकमेकांच्या आटोक्यांत असलेली जागा शोधण्यांत त्या लोकांनीं वर्षेंच्या वर्षें घालविलीं होतीं. रानडे यांच्या स्मरणार्थ पुण्यास औद्योगिक व आर्थिक अभ्यासासाठीं संस्था निघाली. तिच्या वास्तूंत पुढें परकीय भाषा आणि वृत्तविद्या यांचें शिक्षण दिलें जाऊं लागलें. आर्थिक संशोधनाची त्यांची परंपरा १९३० सालीं स्थापन झालेल्या गोखले संस्थेनें चालविली, आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनीं हिंदी उद्योगांच्या वाढीवर लिहिलेला ग्रंथ आजही विद्यार्थी वाचतात.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या विणकर कुटुंबांनीं भिवंडींत हातमाग वाढविले. १९३० नंतरच्या काळांत यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनीं काढून टाकलेले जुने माग येथें येऊन पुन्हां चालूं लागले, आणि १९८२ च्या गिरणी-संपानंतर तर येथील धंदा फारच फोंफावला. देशांतील यंत्रमागांच्या मोठ्या केंद्रांत आज भिवंडीची गणना होते. रानडे येथें आले असते तर त्यांनीं काय विचारलें असतें? त्यांनीं विचारलें असतें कीं सूत कोठून येतें आणि कोणत्या भावानें? येथें विणलेलें बहुतेक कापड कोरेंच बाहेर जातें. त्याला रंग, छपाई आणि तकाकी दुसरीकडे मिळते. तर मग किंमतींतील मोठा वांटा कोणाच्या हातीं राहतो? जुना माग एका पाळींत किती वार विणतो आणि धोट्याशिवाय चालणारा नवा माग किती? नवा माग घेण्यास भांडवल कोणत्या व्याजानें मिळतें? शहाड येथें उल्हास नदीचें पाणी उपसून आमच्या टेमघरास शुद्ध केलें जातें आणि भिवंडी, ठाणें, मीरा-भाईंदर या शहरांस पुरविलें जातें. त्या पाण्याचा आणि त्या नदीचा हिशेब कोण ठेवतो? आणि जो प्रश्न त्यांच्याकडून जावाविषयीं पुरा विचारला गेला नाहीं, तो आम्हीं त्यांत घालावा : बारा तास मागापुढें उभ्या असणाऱ्या माणसाच्या पदरीं यांतलें काय पडतें?

या प्रश्नांचीं उत्तरें पाठ्यपुस्तकांत नाहींत. तीं अहवालांत, जमाखर्चांच्या वह्यांत आणि कामगारांच्या तोंडीं विखुरलेलीं आहेत. तीं गोळा करणारा पाहिजे. रानडे यांच्यापाशीं अधू डोळे, दिवसभराची नोकरी आणि वर संशयी सरकार एवढी अडचण होती, तरी त्यांनीं तें काम केलें. आपल्या दारिद्र्यास दैव म्हणून गप्प बसणें सोपें, आणि दुसऱ्यास दोष देऊन मोकळें होणेंही सोपें. मोजणें, तुलना करणें, कारण शोधणें आणि मग उपाय सुचविणें हा मार्ग कठीण आहे. आमच्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलांमुलींपैकीं दोघे-चौघे जरी या मार्गास लागले, आणि आपल्याच गल्लींतील मागांपासून त्यांनीं आरंभ केला, तर न्यायमूर्ति रानडे यांचें याहून उचित स्मारक दुसरें होणार नाहीं.